तळहाताएवढा चेहरा

कोळशाच्या खाणीत नोकरीला असून कोळशाला बोट न लावणारा माणूस, अशी दिवट्याची सुरुवातीची ख्याती होती. तो दिव्यांच्या खोलीत होता. खाणीच्या तोंडाशी, माणसं खाली नेणाऱ्या लोखंडी पाळण्याच्या अलीकडे, एक लांबट खोली. तिच्यात भिंतभर मांडण्या, आणि मांडण्यांवर टोपीला लावायचे दिवे ओळीने चार्जिंगला लावलेले. पाळी सुरू व्हायच्या आधी कामगार खिडकीशी रांग लावायचे. प्रत्येक जण आपला पितळी बिल्ला आत सरकवायचा, दिवटा त्या नंबरचा दिवा बाहेर सरकवायचा आणि बिल्ला फळीवरच्या खिळ्याला टांगायचा. पाळी सुटली की उलटा व्यवहार. फळीवर बिल्ला लटकत असेल तर तो माणूस अजून खाली आहे, एवढं कोणालाही लांबूनच कळायचं.

काम जबाबदारीचं होतं, पण घामाचं नव्हतं. बॅटऱ्यांतल्या अ‍ॅसिडने शर्टाला भोकं पडायची एवढीच काय ती झीज. दिव्यांवर बसतो म्हणून कामगारांनी त्याचं नाव दिवटा पाडलं होतं. दिवटे चिरंजीव म्हणतात त्यातलाही तो होताच. एकुलता एक, वडील लवकर गेलेले, आईने लाडाकोडात वाढवलेला आणि शाळेने दोनदा त्याच वर्गात ठेवून घेतलेला. तो स्वतःच सांगायचा, "कागदावर माझं नाव वेगळं आहे. पण ते ठेवलं तेव्हा मी कसा निघेन हे घरच्यांना माहीत नव्हतं."

खाली जायची वेळ त्याच्यावर आली ती त्याच्या जिभेमुळे. दिवे खाली मिणमिणतात अशी कामगारांची तक्रार होती. दिवटा खिडकीतून म्हणायचा, "दिवा उत्तम आहे. डोळे तपासून घ्या." उंटावरून शेळ्या हाकणारं हे बोलणं ऐकून ऐकून मुकादम एक दिवस रांगेतून म्हणाला, "एकदा खाली ये, तिथे उभा राहा आणि मग हेच वाक्य म्हण." रांग हसली. चार वर्षांत दिवटा एकदाही खाली गेलेला नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीचे दिवे वाटून झाल्यावर त्याने स्वतःच्या डोक्यावर टोपी घातली, मांडणीवरचा त्यातल्या त्यात चकचकीत दिवा लावला आणि नवे बूट घालून तो मुकादमाबरोबर पाळण्यात चढला. लोकांच्या बिल्ल्यांवरून चार वर्षं डाफरलेला हा माणूस स्वतःच्या नावचा बिल्ला फळीवर टांगायला मात्र विसरला.

दुपारच्या सुमाराला खाणीच्या जुन्या, बंद केलेल्या भागात साठलेलं पाणी मधली भिंत फोडून आत घुसलं. मुकादम, दिवटा आणि आणखी वीसेक माणसं चढावरच्या एका बोळात होती, म्हणून वाचली. पाणी त्यांच्या पायांखाली काही हातांवर येऊन थांबलं. पण बाहेर पडायची वाट बुडाली. आता पंप लावून पाणी उपसलं जाईपर्यंत अंधारात बसून राहणं एवढंच काम उरलं.

त्या दोन दिवसांचं वर्णन दिवटा पुढे अनेकदा करायचा, आणि प्रत्येक वेळी त्यातलं स्वतःचं काम थोडं आणखी वाईट करून सांगायचा. दिवे किती वेळ चालतील, असं मुकादमाने विचारलं, तेव्हा याने छाती काढून सांगितलं, "बारा तास. माझी हमी." दिवे त्याच्या निम्म्या वेळातच माना टाकायला लागले. मग काळोखात बाकीचे गप्प बसले आणि हा रडायला लागला. रडून झालं की बोलायचा, बोलून झालं की परत रडायचा. आईला काय आवडतं, बूट कुठून घेतले, शाळेत कोणत्या मास्तरांनी काय अपमान केला, सगळं. शेवटी कोणीतरी शांतपणे म्हणालं, "दिवट्या, हवा आपल्या सगळ्यांची आहे रे."

पाणी उतरून पाळणा त्यांच्यापर्यंत पोचला तेव्हा एका खेपेत पाचच माणसं मावणार होती. मुकादम म्हणाला, "आधी जखमी. आणि जखमींच्याही आधी हा. याला इथे ठेवला तर धडधाकट माणसं जखमी होतील."

असा दिवटा सगळ्यांत पहिला वर आला.

वर लख्ख दुपार होती. त्याला आधी काही दिसेना. मग दोरी दिसली, आणि दोरीपलीकडे माणसंच माणसं. बायका, म्हातारे, कडेवर पोरं. पाळण्यातून उतरलेले पाचही जण नखशिखांत काळे होते. ओल्या कोळशाचा थर बसलेला, त्यात डोळ्यांतलं पांढरं तेवढं वेगळं. कोण कुणाचं हे ओळखायला काही मार्ग नव्हता. लोक नावं घेऊन हाका मारत होते. त्याच्या नावाची हाक त्यांत नव्हती, आणि असायचं कारणही नव्हतं. फळीवर बिल्ला नाही म्हणजे तो खाली नाही. दिवटा दोन दिवस कामावर न सांगता गायब आहे, असं ऑफिसने ठरवून टाकलं होतं. त्याला शोधणारं वर कोणीच नव्हतं.

तेवढ्यात दोरीखालून एक बाई वाकून आत शिरली. पहारेकऱ्याने तिचा दंड धरला तो तिने झटकला. ती सरळ दिवट्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिने उजवा तळहात त्याच्या कपाळावर ठेवून खाली ओढला. भुवईवरून, डोळ्यावरून, गालावरून, हनुवटीपर्यंत. इस्त्री करण्याआधी कापडावरची चुणी हाताने सारखी करतात, तसा. तळहात खरखरीत होता आणि त्याला खळीचा वास होता. काळ्या चेहऱ्यावर तळहाताएवढा एक पट्टा उघडा पडला. दिवट्याने तोंड त्या हातावर टेकलं. तो पुढे सांगायचा, "मला वाटलं, असू दे. मी हिचाच असू दे."

बाई म्हणाली, "हा नव्हे."

त्याला नाही म्हणाली, स्वतःशीच म्हणाली. आणि शेजारच्या माणसाकडे वळली.

दिवटा तिच्या पाठमोऱ्या आकृतीला म्हणाला, "माफ करा."

हे दोन शब्द कोणी ऐकले नाहीत. पण त्याच्या क्षणभर आधीचं जे होतं, ते एका उलट्या पिंपावर चढलेल्या वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरने टिपलं होतं. कचेरीतले वरिष्ठ रजेवर, म्हणून त्या पोरसवदा फोटोग्राफरला पाठवलं होतं. फोटो निघाल्याबरोबर तो टेलिफोन शोधायला धावला. पुढचं काही त्याने पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर अर्धं पान फोटो. बाईचा हात त्याच्या गालावर, तिचे ओठ किंचित उघडे. समोर तो काळा चेहरा, त्यात एक उजळ पट्टा, आणि त्या पट्ट्यातला एक डोळा तिच्याकडे असा बघतोय की दगडालाही पाझर फुटावा. खाली ओळ होती: वृद्ध आईला लेक गवसला.

बाईचा खरा मुलगा त्यानंतर काही दिवसांनी सापडला. तो सगळ्यांत खालच्या पंपावर होता, पाणी पहिल्यांदा तिथेच आलं होतं. त्याच्याबरोबरचं कोणीच वाचलं नव्हतं. ती बातमी आतल्या पानावर आली, बिनफोटोची.

इकडे दिवट्याची आई बसने दिवसभराच्या अंतरावरच्या एका लहान गावात राहत होती. खाणीत पाणी भरल्याचं रेडिओवर ऐकून ती वाण्याच्या दुकानातून खाणीच्या ऑफिसला फोन करत होती. दोनदा फोन लागला. दोन्ही वेळा उत्तर तेच: तुमचा मुलगा खाली नाही, बहुतेक काम सोडून पळाला. ती वाण्याला म्हणाली, "तो पळणारा नाही. पळायलाही कष्ट पडतात."

तिसऱ्या सकाळी वाण्याने पेपर उघडला आणि ती काउंटरपलीकडून तो उलटा बघत असतानाच म्हणाली, "हा माझा."

वाण्याने खालची ओळ वाचून दाखवली. "अहो, इथे आई दुसरीच दिलीये. ही बाई त्याची आई, असं म्हणतात."

"म्हणू दे. ही भुवई बघा. पलंगावरून पडला होता तेव्हा टाके मी घालून आणलेत. पेपरवाल्यांनी नाही."

चेहऱ्याचा बाकी भाग काळाठिक्कर होता, पण ती भुवई नेमकी उजळ पट्ट्यात आली होती. आईने तोच पेपर घडी करून घेतला आणि पहिली बस पकडली. दवाखान्यात पोचली तेव्हा दिवटा गाढ झोपला होता. नर्सने त्याला स्वच्छ पुसलेला होता, तरी आईने ओला टॉवेल घेऊन त्याचा चेहरा परत पुसला, दोन्ही बाजूंनी, कानांच्या मागेसुद्धा. तो जागा झाल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "ती बाई कोण?"

त्याने सांगितलं. आईने टॉवेल पिळून खाटेच्या दांडीवर वाळत घातला. मग म्हणाली, "चांगलं आहे. जन्म मी दिला, फोटो तिच्याबरोबर."

फोटोचं काय झालं ते सगळ्यांना माहीतच आहे, असं दिवटा म्हणायचा, पण तरी सांगायचा. तो देशभर छापला गेला, मग देशाबाहेर. कामगार संघटनेने त्याचं पोस्टर केलं. न्हाव्यांनी आरशांशेजारी लावला, शिक्षकांनी वर्गात. फोटो बघून माणसं रडायची. त्या खाणीशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता अशी माणसं वाटेत उभी राहून रडायची. चौकशी समितीच्या अध्यक्षांच्या टेबलावर तो उभा होता म्हणे. अशा दुर्घटना आधीही झाल्या होत्या, त्यांच्या चौकशांची बाडं कपाटात कुजत होती. या वेळी मात्र वर्षभरात खाणीला बाहेर पडायची दुसरी वाट खणली गेली, जुन्या पाण्याचे नकाशे झाले, आणि दिव्यांच्या खोलीत नव्या बॅटऱ्या आल्या. त्या खरंच बारा तास चालायच्या.

दिवट्याला सत्कारांना बोलावणी यायची. स्टेजवर बसवून त्याला 'संघर्षाचा चेहरा' म्हणायचे. तो पहिल्यांदा खरं सांगायला गेला, की ती माझी आई नाही आणि मी कामगार असलो तरी तसा कामगार नाही. संघटनेच्या सेक्रेटरीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हटलं, "तू बोलू नकोस. नुसता बघ. फोटोत बघतोस तसा." तेव्हापासून तो स्टेजवर बसून नुसता बघायचा. लोक तेवढ्यावरही डोळे पुसायचे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं त्याला खुर्चीत बसल्या बसल्या वाटायचं. कुणाच्या तरी मुलाची जागा अडवून बसलोय, आणि वर हार घालून घेतोय.

त्या बाईला तो ओळखत होता. वसाहतीच्या शेवटच्या गल्लीत, दारातच टेबल मांडून ती इस्त्री करायची. तिची गल्ली टाळण्यासाठी दिवटा रोज पाण्याच्या टाकीला वळसा घालून घरी जायचा. तो म्हणायचा, "खाली पाण्याने दोन दिवस कोंडलं, वर मी स्वतःला तीन वर्षं कोंडून घेतलं."

लग्नही त्या फोटोनेच जमलं. मुलगी शिवणकाम करायची. तिने तो फोटो शाळेत असताना पेपरातून कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. स्थळ आलं तेव्हा तिने घरच्यांना दुसरं काही विचारूच दिलं नाही. लग्नानंतर आठवड्याभरात दिवट्याने तिला सगळं सांगितलं: रडणं, हवा, मुकादमाने कंटाळून आधी वर पाठवणं, 'हा नव्हे' आणि 'माफ करा'. आधी ती हसली. इतकी हसली की शिलाई मशीनवर हात ठेवून तिला टेकावं लागलं. मग हसू थांबलं आणि तिने विचारलं, "मग त्या बाईचं काय झालं?"

"कोणत्या बाईचं?"

"फोटोतल्या. अहो, त्यांच्या हाताला तुम्ही लागलात. त्यांचा मुलगा गेला. आणि जगभर छापलंय की त्यांना तो सापडला. त्यांना कोणी विचारलं का?"

दिवटा मशीनवरची रिळं सारखी करायला लागला. बायको म्हणाली, "जा आणि बोला त्यांच्याशी."

तो निघाला, पण इस्त्रीवालीकडे गेला नाही. त्यातल्या त्यात सोपं म्हणून आधी शहरात वर्तमानपत्राच्या कचेरीत गेला. चूक सुधारून घेऊ, छापील सुधारणा हातात घेऊन मग बाईसमोर उभं राहू, असा त्याचा बेत होता. संपादकांनी त्याला चहा पाजला. सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. थकलेले होते.

"तुम्ही म्हणता ते खरं असेल," ते म्हणाले, "पण आता त्या फोटोखाली मी काय लिहू? दोन अनोळखी माणसं? कोण रडेल त्याला?"

"पण रडायलाच पाहिजे असं कुठे आहे?"

"लोक रडले म्हणून तुमच्या खाणीला दुसरी वाट झाली."

त्या दुसऱ्या वाटेने ये-जा करणारी माणसं दिवटा आता रोज बघत होता. त्याने बशीतलं बिस्किट खाल्लं आणि उठला. परत येताना बसमध्ये त्याला वाटलं की आपण भांडायला गेलो होतो, आणि बिस्किट खाऊन आलो.

मग मात्र टाकीचा वळसा न घेता तो सरळ शेवटच्या गल्लीत शिरला. ती सकाळची वेळ होती. बाई एका पांढऱ्या शर्टाची कॉलर दाबत होती. मागे उघड्या दारातून खोली दिसत होती, आणि समोरच्या भिंतीवर, चौकटीत, तो फोटो. दिवटा तिथेच थबकला.

"काय टाकायचंय का?" बाईने मान वर न करता विचारलं.

"मावशी, मी… दिव्यांच्या खोलीतला."

तिने वर पाहिलं. इस्त्री उचलून तिच्या लोखंडी बैठकीवर ठेवली. "ये. तीन वर्षं टाकीमागून जातोस. मला वाटलं तुझी उधारी आहे कुठे."

दिवटा टेबलाजवळ उभा राहून भडाभडा बोलायला लागला. मी पेपरवाल्यांना सांगून आलोय, ते ऐकत नाहीत, पण मी परत जाईन, खालची ओळ खोटी आहे, तुम्हाला किती त्रास होत असेल, आणि मी त्या दिवशी तुमचा नव्हतो त्याबद्दल… इथपर्यंत आल्यावर त्याला स्वतःलाच आपण काय बोलतोय ते कळेना.

"ओळ खोटीच आहे," बाई म्हणाली. "शिवाय मला वृद्ध म्हटलंय. मी अठ्ठेचाळीसची होते."

"मग तुम्ही हा भिंतीवर का…"

बाईने शर्टाची बाही पसरली, हाताने सारखी केली. "तू आत जाऊन बघ नीट. माझा हात अजून तुझ्या तोंडावर आहे. मला अजून कळलेलं नाहीये." तिने इस्त्री उचलली. "त्या फोटोत मला अजून कळलेलं नाही. म्हणून लावलाय. पोराच्या दुसऱ्या फोटोंत तो आहे, पण त्यांत मी नाही. यात मी आहे, आणि तो कुठल्याही क्षणी वर येईल असं मला वाटतंय."

दिवटा आत गेला. त्याने तो फोटो हजार वेळा पाहिला होता, पण नेहमी स्वतःलाच पाहिलं होतं: आपला डोळा किती केविलवाणा दिसतो, आपलं नाक किती मोठं. पहिल्यांदा त्याने बाईचा चेहरा पाहिला. मग तो तिथल्या स्टुलावर, इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगावरच बसला.

"ऊठ," बाहेरून आवाज आला. "ते डॉक्टरांचे कपडे आहेत."

जाताना तिने त्याला थांबवून विचारलं, "त्या सकाळी दिवा घेताना तो काही बोलला होता का?"

दिवट्याला मोह झाला. काहीतरी गोड, लक्षात राहील असं सांगावं. पण रांगेत शेकडो माणसं असायची आणि त्याचं लक्ष नंबराकडे असायचं. "मला आठवत नाही, मावशी," तो म्हणाला. "सगळे एकच वाक्य म्हणायचे, 'चांगला बघून दे.' तोही तेच म्हणाला असेल."

बाईने मान हलवली. "म्हणाला असेल," ती म्हणाली. "घरीही तेच म्हणायचा. शर्ट मागताना."

त्यानंतर दिवटा त्या गल्लीतूनच ये-जा करायला लागला. बायको तिच्याकडे शिवलेले कपडे इस्त्रीला नेऊ लागली. अडचण एकच होती, ती म्हणजे आई. तिने फोटोतली बाई मनातून पुसली नव्हती. सुनेकडे राहायला आली की बोलता बोलता म्हणायची, "त्याच्या दुसऱ्या आईकडे गेलाय का?" एकदा सून म्हणाली, "तुम्हीच चला ना माझ्याबरोबर." आईने आधी नाक मुरडलं, मग चांगली साडी नेसली, आणि पेपराची ती जुनी घडी पिशवीत टाकून निघाली. भांडायलाच चालली आहे, अशी दिवट्याची खात्री होती. तो मागून चार पावलं अंतर ठेवून चालत होता.

दोघी टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. आईने पिशवीतून पेपर काढून टेबलावर पसरला. घड्यांवर तो फाटला होता. तिने भुवईवर बोट ठेवलं.

"हे दिसलं म्हणून मला कळलं," ती म्हणाली. "खाणीवाले म्हणत होते पळाला. याला शोधायला कोणी नव्हतं. तुम्ही एवढाच चेहरा पुसलात. एवढ्यावरून मला कळलं, माझा जिवंत आहे."

इस्त्रीवाली पेपराकडे बघत राहिली. तिने हात पुढे करून पेपराच्या दुमडलेल्या कडा सपाट केल्या. "मला वाटायचं," ती सावकाश म्हणाली, "मी त्या दिवशी कोणालाच शोधून काढलं नाही."

कोपऱ्यात इस्त्री तापत राहिली होती, तिच्याखाली ठेवलेलं फडकं करपायला लागलं, तेव्हा तिघींचं, म्हणजे दोघींचं आणि बायकोचं, एकदम तिकडे लक्ष गेलं. दिवट्याचं गेलं नव्हतं. तो दाराबाहेर डोळे पुसत होता. आईने त्याच्याकडे बघून इस्त्रीवालीला सांगितलं, "हा असाच. लहानपणापासून. खालीही रडला म्हणे दोन दिवस."

"सगळ्या वसाहतीला माहीत आहे," इस्त्रीवाली म्हणाली.

पुढे आई मुलाकडेच राहायला आली. दोघींचं मेतकूट असं जमलं की दिवट्याला दोन घरांत एकाच चुकीबद्दल दोनदा ऐकून घ्यावं लागायचं. आई गेली तेव्हा तिच्या उशाशी इस्त्रीवालीच होती. दिवटा नेहमीप्रमाणे काही कामाचा नव्हता.

खाण पुढे कोळसा संपून बंद पडली. बऱ्याच वर्षांनी दिव्यांच्या खोलीचं लहानसं संग्रहालय करायचं ठरलं. मांडण्या, बिल्ल्यांची फळी, आणि समोरच्या भिंतीवर तो फोटो, माणसाच्या उंचीएवढा मोठा केलेला. संग्रहालयाच्या तरुण व्यवस्थापिका निवृत्त दिवट्याच्या घरी आल्या. त्यांना सगळी हकीकत कळली होती आणि फोटोखालची ओळ त्यांना बदलायची होती. दिवटा म्हणाला, "मला विचारू नका. त्या फोटोत मी फक्त समोर आलो होतो." आणि त्यांना शेवटच्या गल्लीत घेऊन गेला.

इस्त्रीवालीने आता इस्त्री सोडली होती. दारात खुर्ची टाकून बसायची. व्यवस्थापिकेने विचारलं, "आजी, खाली खरं लिहायचं आहे. काय लिहू? मुलगा सापडला नाही, असं?"

"ते नका लिहू," ती लगेच म्हणाली. "आमचं काम लिहा. इस्त्रीवाली आणि दिवेवाला. आणि दिवस लिहा."

"आणि नातं? लोक विचारतील, हे तुमचे कोण."

बाईने दिवट्याकडे बघितलं. तो बायकोने दिलेली छत्री चुकीच्या बाजूने उघडायचा प्रयत्न करत होता.

"नातं नंतर झालं," ती म्हणाली. "तेवढं लिहा."

पाटीवर तेवढंच आहे. उद्घाटनाला बरीच माणसं आली. काही जण पाटी वाचून गोंधळले, काही फोटोपुढे उभे राहून आधीसारखेच रडले, एका गृहस्थाने दिवट्याला पाणी कुठे मिळेल ते विचारलं. तो ते दाखवून परत आला, तोवर इस्त्रीवालीला उभं राहून कंटाळा आला होता. दिवट्याने तिच्या हाताला धरलं, बायकोने दुसरीकडून धरलं, आणि तिघं बाहेर पडली. पायऱ्या उतरताना ती म्हणाली, हळू चल, मला घाई नाही. दिवटा म्हणाला की मी हळूच चालतोय, मावशी, मला याहून जोरात येतच नाही.